गोळ्यांची भीती की गर्भारपणाची?

पत्र लिहिणारी ३१ वर्षांची आहे. लग्नाला ४ वर्षं झाली. नवरा-बायको दोघंही टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतात, दोघंही नोकरी करतात, नवऱ्याचा व्हिसा एच-वन-बी, म्हणजे नोकरीशी बांधलेला. मूल हवंय, पण ‘अजून वर्षभर थांबू’ असं दोघांचं ठरलं होतं, म्हणून ती गोळ्या घेत होती. गर्भपाताचा कायदा बदलल्यापासून तिच्या फोनवर रोज तेच येतंय. कुणी सांगतं गोळ्यांवरही बंदी येणार, साठा करा. कुणी सांगतं गोळ्या म्हणजे विष, पुढे मूलच होत नाही. तिच्याच वयाच्या मुली नसबंदी करून आल्याचे व्हिडिओ टाकतात. एका मराठी व्हिडिओत ‘गोळ्या घेणं म्हणजे गर्भपातच’ असं ऐकून तिला राहवलं नाही. तिने खाली लिहिलं, “हे चूक आहे. मी स्वतः ४ वर्षं घेतेय.” चुलत जावेने त्याचा स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकला. सासूबाईंचा फोन आला, “म्हणजे ४ वर्षं आम्हाला अंधारात ठेवलंत?” नवरा शेजारी बसून होता, एक शब्द बोलला नाही. त्या रात्री तिने चालू पाकीट अर्ध्यावर सोडलं. त्याला २ महिने झाले. आता ती विचारते, “ताई, नसबंदी करून टाकू का? म्हणजे ही भीती तरी संपेल. आणि मी लिहिलं ते खरंच चुकलं का?”

तू मला ताई म्हणालीस, म्हणून एकेरीतच लिहिते.

बाकी सगळं नंतर. आधी एक काम कर. आज किंवा उद्या सकाळी घरच्या घरी चाचणी करून घे. २ महिन्यांपूर्वी गोळ्या बंद झाल्या, आणि तू लिहितेस की नवरा निरोध ‘कधीमधी’ वापरतो. कधीमधी वापरलेल्या निरोधाच्या भरवशावर राहता येत नाही. दिवस राहिले असतील तर तू जिथे राहतेस तिथे एक-एक आठवडा महत्त्वाचा आहे, आणि ते तुला कळायला हवं, मग पुढे काहीही ठरवायचं असो.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. सुरुवातीलाच लिहिलंयस, ‘आम्हाला मूल हवंय.’ आणि शेवटी विचारतेस, नसबंदी करू का. या दोन वाक्यांच्या मध्ये तुझा फोन आहे आणि सासूबाईंचा आवाज आहे, आणि नवऱ्याचं गप्प बसणंही. तुझं मन बदललंय असं मात्र कुठेच लिहिलेलं नाही. तुला टेक्सासमध्ये नको त्या वेळी गर्भ राहण्याची भीती वाटते, आणि त्या भीतीपोटी तू गर्भ न राहण्याचं हातातलं साधन बंद केलंस. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, तसं झालंय हे. तुला दोष देत नाहीये. रात्री दीड वाजता पांघरुणात फोन धरून एकामागून एक पाच व्हिडिओ पाहिले तर कुणाचंही असंच होईल.

पाचांपैकी एकजण म्हणते बंदी येतेय, दुसरी म्हणते विष आहे. दोघी मिळून तुला एकच सांगतात, की गोळ्यांवर विसंबू नकोस. म्हणून ही गुंतागुंत आधी सोडवू.

बंदीच्या भीतीला मूळ आहे. २४ जून २०२२ ला डॉब्ज खटल्याच्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने देशभर गर्भपाताचा हक्क देणारा १९७३ चा रो विरुद्ध वेड हा निकाल रद्द केला. बहुमताच्या निकालपत्रात स्पष्ट लिहिलंय की गर्भपात सोडून इतर हक्कांवर याचा परिणाम धरू नये. पण न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी स्वतंत्र मत जोडलं आणि ज्या जुन्या निकालांचा फेरविचार व्हावा असं म्हटलं, त्यात १९६५ चा ग्रिसवोल्डचा निकाल होता. विवाहित जोडप्यांना गर्भनिरोधक वापरण्याचा हक्क त्याच निकालाने दिला होता; अविवाहितांना तो १९७२ मध्ये मिळाला. हा हक्क कायद्यातच लिहून ठेवावा म्हणून प्रतिनिधिगृहाने जुलै २०२२ मध्ये विधेयक मंजूर केलं, पण सिनेटमध्ये ते पुढे गेलं नाही; जून २०२४ मध्ये तसंच विधेयक सिनेटमध्ये पुन्हा अडलं. ६० मतं लागत होती, ५१ पडली. तेव्हा ज्या बायका घाबरल्या त्यांना वेड्या म्हणू नये.

पण उद्या काय होईल ही काळजी वेगळी आणि आज काय आहे हे वेगळं. आज गर्भनिरोधकं सगळ्या ५० राज्यांत कायदेशीर आहेत. टेक्सासच्या कायद्यात गर्भपाताची जी व्याख्या आहे, तिच्यातच लिहिलंय की गर्भनिरोधक साधनं आणि तोंडाने घ्यायच्या गोळ्या यांना गर्भपात म्हणायचं नाही. त्या व्हिडिओतल्या बाईचं म्हणणं टेक्सासचा कायदासुद्धा मान्य करत नाही. उलट मार्च २०२४ पासून ओपिल नावाची रोजची गोळी चिठ्ठीशिवाय दुकानात मिळते. नोकरीतून मिळणाऱ्या बहुतेक आरोग्य विम्यांत गोळ्या, तांबी, इम्प्लांट (दंडात बसवायची बारीक कांडी) यांचे वेगळे पैसे पडत नाहीत. विमा कंपनीला फोन करून तुझ्या विम्यात नेमकं काय बसतं ते विचार.

अजून एक गोंधळ मला सारखा दिसतो. संबंधांनंतर तातडीने घ्यायची गोळी आणि गर्भपाताची गोळी या एकच समजल्या जातात. तातडीची गोळी बीज बाहेर पडणं लांबवते. दिवस राहिलेले असतील तर ती काहीही करत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२२ मध्ये प्लॅन बी या तातडीच्या गोळीच्या माहितीपत्रकात हे मुद्दाम स्पष्ट केलं. ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. वजन जास्त असेल तर तिचा परिणाम कमी होतो, तेव्हा डॉक्टरांना दुसऱ्या गोळीबद्दल किंवा तांबीबद्दल विचारावं. ही दोन्ही संबंधांनंतर ५ दिवसांपर्यंत चालतात. घरात एखादी असू दे. कपाट भरून नको, औषधाला मुदत असते, आणि निकाल लागला त्या आठवड्यात लोक इतक्या गोळ्या उचलू लागले की मोठ्या दुकानांना एका गिऱ्हाइकाला तीनच देण्याची मर्यादा घालावी लागली होती. तेव्हा जिला खरंच त्या रात्री हवी होती, ती कदाचित रिकाम्या फळीसमोर उभी राहिली असेल.

आता ‘विष’.

माझ्या मावशीने दुसऱ्या बाळंतपणानंतर तांबी बसवली होती. चार महिन्यांत काढून आली. मी तेव्हा शाळेत होते. तिने मला छातीवर हात ठेवून जागा दाखवली, “तांबी वर चढते गं, इथे काळजात रुतते.” नळावर एका बाईने सांगितलं होतं, त्या बाईला तिच्या नणंदेने. नणंद कोण, तिला काय झालं होतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मावशीला वर्षाच्या आत दिवस राहिले आणि ते तिला झेपणारे नव्हते. हे आठवलं की मला अजूनही वाईट वाटतं, कारण नळावरच्या बाईने खोटं सांगितलं नव्हतं. तिने जे ऐकलं ते काळजीपोटी पुढे सांगितलं. हजारात एखाद्या बाईची तांबी गर्भाशयाच्या भिंतीतून आरपार जाते, हे खरं आहे आणि त्यावर इलाज करावा लागतो. पण काळजापर्यंत जायला तिला वाट नाही. एवढं सांगणारं कुणी नळावर नव्हतं.

तुझ्या फोनवर तोच नळ आहे, फक्त रांगेत लाखो बायका आहेत. ज्या बाईला ६ वर्षं तांबीचा काही त्रास नाही, ती व्हिडिओ कशाला करेल? जिला त्रास झाला ती करते, आणि तिने करावाच. तांबी बसवताना ‘थोडंसं चिमटल्यासारखं वाटेल’ म्हणून कळ दाबून धरायला लावलेल्या बायकांनी बोलायलाच हवं होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने डॉक्टरांसाठीच्या सूचनांत लिहिलं की बसवण्याआधी वेदनेबद्दल बाईशी बोला आणि ती कशी कमी करायची ते ठरवा. जागा बधिर करणारं औषधही त्यात आहे. म्हणजे तू तांबी बसवायला गेलीस तर “दुखू नये म्हणून तुम्ही काय देणार?” हा प्रश्न हक्काने विचार. हे त्या बायकांचे उपकार मी मानते. पण एकीला काय झालं यावरून तुला काय होईल हे कळत नाही.

आणि व्हिडिओच्या शेवटी पाळीचा कोर्स किंवा ‘शरीर शुद्ध करणारी’ पावडर विकायला असेल, तर आधीची सगळी भीती त्या विक्रीसाठी आहे असं समज.

गोळ्यांचा धोका मी लपवणार नाही. सर्वात मोठी भीती रक्ताच्या गाठीची दाखवतात. एका वर्षात १०,००० बायकांमागे, गोळ्या न घेणाऱ्या आणि गर्भार नसलेल्यांत १ ते ५ जणींना अशी गाठ होते. दोन संप्रेरकांच्या गोळ्या घेणाऱ्यांत ३ ते ९ जणींना. हा धोका खरा आहे. पण गर्भारपणात तोच आकडा ५ ते २० होतो आणि बाळंतपणानंतरच्या १२ आठवड्यांत ४० ते ६५. तुला हा शेवटचा आकडा कुठल्या व्हिडिओत दिसला होता का? अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे चमकायला लागत असेल, रक्तदाब जास्त असेल, आधी कधी गाठ झाली असेल, किंवा पस्तिशीनंतर सिगारेट ओढत असशील, तर या गोळ्या तुझ्यासाठी नाहीत. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना हे सांग. मूल होण्याबद्दल म्हणशील तर गोळ्या, तांबी, इम्प्लांट बंद केल्यावर पाळीचं चक्र थोड्याच काळात पूर्वीसारखं होतं. फक्त तीन महिन्यांचं इंजेक्शन सोडल्यावर वेळ लागू शकतो, कधीकधी १० महिनेसुद्धा. वर्षभरात मूल हवं असेल तर ते टाळ.

आता नसबंदी. डॉब्जनंतर अमेरिकेत १८ ते ३० वयाच्या तरुण-तरुणींमध्ये नसबंदी वाढली, ही गोष्ट खरी आहे. त्यांतल्या अनेकींना मूल नकोच होतं. डॉक्टर ‘पुढे पस्तावशील’ म्हणून परत पाठवत होते आणि कायदा बदलल्यावर त्यांनी हट्ट धरला. त्यांचा निर्णय त्यांचा, आणि मला त्यांच्या धैर्याचं कौतुक आहे. पण त्यांचा प्रश्न ‘मला मूल कधीच नको’ हा होता. तुझा प्रश्न ‘मला इथे, आत्ता गर्भार राहायची भीती वाटते’ हा आहे. त्यावर कायमचा उपाय कशाला? हार्मोनची तांबी ८ वर्षांपर्यंत, तांब्याची १० वर्षांपर्यंत आणि दंडात बसवायचं इम्प्लांट, या तिन्हींत वर्षाला शंभरात एकीलाही दिवस राहत नाहीत. नसबंदीइतकीच ती भरवशाची आहेत, आणि मन झालं की एका भेटीत काढून टाकता येतात. गोळ्यांचं प्रमाण, माणसं जशी घेतात तशी घेतली, एखाददुसरी विसरली, तर शंभरात ७. निरोधाचं १३. काहीच न वापरणाऱ्यांत वर्षाला ८५ जणींना दिवस राहतात. गेले २ महिने तू या शेवटच्या गटाच्या आसपास आहेस.

(आणि पुढे कधी, दोघांना हवी तेवढी मुलं झाल्यावर, नसबंदीचा विषय निघालाच, तर पुरुषाची शस्त्रक्रिया छोटी आणि सोपी असते. तो विषय फक्त तुझ्याच शरीराभोवती फिरायला नको.)

भीतीचं खरं घर मात्र इथे आहे, आणि त्याबद्दल तू फार थोडं लिहिलंयस. टेक्सासमध्ये ऑगस्ट २०२२ पासून गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी आहे. आईच्या जिवाला धोका किंवा शरीराच्या मोठ्या कार्याला गंभीर इजा होण्याची वेळ, एवढीच सूट. चुकलं तर डॉक्टरला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आणि किमान १ लाख डॉलर दंड. त्यामुळे डॉक्टर थांबले, आणि ज्यांना मूल अगदी हवं होतं अशा बायकांनी ते भोगलं. अमांडा झुरॉव्स्की हिचं पाणी १८व्या आठवड्यात गेलं, बाळ वाचणार नाही हे ठाऊक असूनही ती जंतुसंसर्गाने अत्यवस्थ होईपर्यंत वाट पाहिली गेली. तिने राज्यावर खटला भरला. मे २०२४ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. २०२५ मध्ये सूट कधी लागू होते हे स्पष्ट करणारा कायदा झाला, पण बंदी कायम आहे.

हे वाचून तुला भीती वाटत असेल तर ती रास्त आहे. पण ती गोळ्यांची भीती नाही, आणि नवऱ्याशी बोलायचं ते हेच आहे. ‘तू उगाच ते व्हिडिओ बघतेस’ असं तो म्हणतो. त्याला सांग, व्हिडिओ बाजूला ठेवते, पण माझं पाणी १८व्या आठवड्यात गेलं तर आपण काय करायचं, हे आपण दोघांनी आधी ठरवू. कुठल्या दवाखान्यात? दुसऱ्या राज्यात जायचं झालं तर न्यू मेक्सिको की कोलोरॅडो, पैसे किती बाजूला ठेवायचे, कोण सोबत येणार? त्याला दुसऱ्या राज्यात काम मिळू शकेल का, आणि व्हिसाचं काय काय करावं लागेल? टेक्सासच्या बंदीच्या कायद्यात गर्भार बाईवर स्वतःवर शिक्षा नाही, हे दोघांनीही लक्षात ठेवा. आणि गर्भ नळीत राहिला तर त्यावरचे उपचार, किंवा आपोआप मृत झालेला गर्भ काढणं, याला तिथला कायदा गर्भपात म्हणत नाही. पोटात एका बाजूला जीव जाईल असं दुखलं, चक्कर आली, तर ‘इथे चालेल का’ असा विचार करत घरी बसू नकोस.

मूल इथेच करायचं ठरलं तर दिवस राहण्याआधी डॉक्टरांना भेट. फॉलिक ॲसिड सुरू कर. आणि समोर बसून विचार, “माझं पाणी वेळेआधी गेलं तर तुमच्या रुग्णालयात काय करतात? निर्णय कोण घेतं, किती वेळात?” सरळ उत्तर देणारी डॉक्टर तुझी. गडबडून विषय बदलणारी असेल तर दुसरी शोध.

थांबायचं ठरलं, आणि चाचणीत दिवस राहिले नाहीत असं आलं, तर गोळ्या सुरू करताना ते जुनं अर्धं पाकीट उचलू नकोस. नवीन घे आणि पहिले ७ दिवस निरोध नक्की वापरा. किंवा तांबीबद्दल बोलून ये.

अशा गोष्टी मैत्रिणींशी चॅटवर लिहिताना मात्र जपून. नेब्रास्कात २०२२ मध्ये गर्भपाताच्या एका प्रकरणात फेसबुकवरचे खासगी संदेश पोलिसांनी मिळवले होते. पाळीची नोंदही फोनमधल्या ॲपऐवजी साध्या कागदी वहीत करता येते.

तू लिहिलंस ते चुकलं का? नाही. एक बाई चुकीची माहिती देत होती आणि तू तुझ्या अनुभवाने ती खोडलीस. आपल्या भाषेत हे काम आधी झालेलं आहे, आणि त्याची किंमतही मोजली गेली आहे. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. वाचकांच्या अशाच प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि १९३४ मध्ये त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. अमेरिकेतही १८७३ च्या कॉमस्टॉक कायद्याखाली गर्भनिरोधकांची माहिती टपालाने पाठवणं गुन्हा होता. कर्वे आणि आंबेडकर या दोघांनी जे मांडलं, तेच तू एका ओळीत मांडलंस. पुन्हा लिहायचं असेल तर स्वतःबद्दल न सांगताही लिहिता येईल, “गोळी बीज बाहेर पडू देत नाही, गर्भपात वेगळा.” तुझं आयुष्य पणाला लावायची गरज नाही. आणि उत्तर-प्रत्युत्तरात अडकू नकोस, तिथे कुणाचं मत बदलत नाही. तुझी ओळ गुपचूप वाचून जाणारी एखादी मुलगी असते, तिच्यासाठी एकदा लिहिलं की पुरे.

सासूबाईंना दुखलंय, कारण ४ वर्षं त्या दर फोनला ‘काही बातमी?’ विचारत होत्या आणि तुम्ही दोघं ‘बघू’ म्हणत होतात. ‘बघू’ तुम्ही दोघं म्हणालात, राग मात्र एकटीच्या वाट्याला आला. माझ्या मते सगळ्यात जास्त सलतंय ते हेच, नसबंदीचा विचारही त्याच रात्रीचा. तेव्हा माफी मागायला तू फोन करू नकोस. त्याने करावा. “आई, मूल लांबवायचं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. मीच म्हणालो होतो वर्षभर थांबू. तिला बोललीस ते मला बोलायला हवं होतंस.” एवढंच. रविवारी त्यांच्या फोनची वेळ झाली की तू स्वयंपाकघरात जा, आणि फोन त्याच्या हातात राहू दे.